शीळ घालणारे संगणक

या लेखाची सुरुवात खरे तर एका आवाजाने व्हायला हवी. पण कागदावर आवाज छापता येत नाही, म्हणून वर्णनावरच भागवू. आधी दूरध्वनीची नेहमीची घरघर. मग भराभर काही टिक्‌टिक्. पलीकडून एक लांबलचक बारीक शीळ. तिला उत्तर म्हणून अलीकडून दुसरी शीळ. मग दोन्ही एकमेकींत मिसळून तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर, आणि एकदम शांतता.

१९९९ साली मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या घरात हा आवाज रोज रात्री नऊनंतर ऐकू येई. थोरल्या भावाने संगणकाला मोडेम नावाची डबी जोडली होती. आई पहिल्या दिवशी धावत आली. तिला वाटले, यंत्र जळले! शीळ चालू असताना कोणी चुकून दूरध्वनी उचलला की जोडणी तुटे, आणि भावाचा अर्ध्या तासाचा उद्योग पाण्यात जाई. उलट, मावशीचा फोन तास-तासभर लागत नसे, म्हणून वडिलांची बोलणी वेगळीच.

तुमच्यापैकी बहुतेकांनी हा आवाज प्रत्यक्ष ऐकलेला नसेल. अमेरिकेतील एओएल या कंपनीने दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट देण्याची आपली सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचे मृत्युलेखच छापले. पण गंमत अशी, की याच सुमारास जगात ठिकठिकाणी काही हौशी मंडळी जुने मोडेम माळ्यावरून काढून, धूळ पुसून, पुन्हा एकमेकांना जोडत आहेत. कोणी दूरध्वनीच्या तारेने, तर कोणी तारेशिवाय, हौशी रेडिओच्या लहरींवरून. वेग विचाराल तर सेकंदाला ३०० किंवा १२०० बिट. तुमच्या भ्रमणध्वनीवरचे तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र १२०० बिटांच्या वेगाने पाठवायचे, तर नुसते बिट मोजले तरी वीस हजार सेकंद, म्हणजे साडेपाच तास लागतील. मग ही माणसे हे कशासाठी करतात? उत्तर मी सांगणार नाही. यंत्रे कशी चालतात ते आधी पाहू. उत्तर तुमचे तुम्हीच ठरवा.

तारेवरची शीळ

संगणकाला ० आणि १ एवढेच कळते, आणि ते त्याच्या पोटात विद्युतदाबाच्या दोन पातळ्या म्हणून फिरतात. मग दूरध्वनीच्या तारेत तोच दाब सरळ का सोडू नये? कारण दूरध्वनीची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली होती. सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंप्रतेची आंदोलने ती नीट पुढे पाठवी. वाटेतली रोहित्रे आणि धारित्रे स्थिर दाबाला दारातच अडवत. म्हणजे तारेतून जायचे असेल, तर माणसाच्या आवाजाचे सोंग घेऊनच जायला हवे.

ते सोंग आणणारे यंत्र म्हणजे मोडेम. अमेरिकेत १९६२ साली आलेल्या ‘बेल १०३’ या मोडेमची पद्धत तर इतकी साधी, की तुम्ही ती पेटीवर वाजवून दाखवू शकाल. १ पाठवायचा असेल तर १२७० हर्ट्झचा स्वर, ० पाठवायचा असेल तर १०७० हर्ट्झचा. पलीकडच्या मोडेमने उत्तर देताना याच पट्टीत बोलायचे नाही. त्याच्यासाठी २२२५ आणि २०२५ हर्ट्झ हे वेगळे स्वर ठेवलेले. त्यामुळे एकाच तारेवर दोघे एकाच वेळी बोलू शकत. वेग सेकंदाला ३०० बिट. प्रत्येक अक्षराच्या आठ बिटांमागे-पुढे एकेक खुणेचा बिट धरला, तर सेकंदाला तीस रोमन अक्षरे. भरभर वाचणाऱ्याला पडदा आपल्या थोडाच पुढे पळतो आहे असे वाटावे, असा हा वेग.

या शिळेवर उभे राहिलेले पहिले सार्वजनिक ठिकाण शिकागोतले. १९७८ च्या जानेवारीत तेथे मोठे हिमवादळ झाले. घराबाहेर पडणे अशक्य झाले, तेव्हा वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या दोन हौशी मित्रांनी ठरवले, की आपल्या संगणक मंडळाच्या सूचनाफलकाचे काम एका संगणकाकडेच द्यायचे. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो फलक सुरू झाला. त्याला एकच तार, म्हणून एका वेळी एकच माणूस आत. एकाने वाचावे, लिहावे, फोन ठेवावा. मग दुसऱ्याचा नंबर लागावा. गावातल्या एकुलत्या एक पिठाच्या गिरणीसारखाच प्रकार! सूस २०१९ साली आणि क्रिस्टेन्सन २०२४ साली वारले.

क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली लिहिलेली ‘एक्समोडेम’ ही पद्धत मी दरवर्षी वर्गात सांगते, कारण तिच्यात वाण्याच्या दुकानातली अक्कल आहे. तारेवर खरखर असते. एखादा बिट उलटा पोहोचतो. मग चूक ओळखायची कशी? क्रिस्टेन्सन यांनी मजकुराचे १२८ बाइटांचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यातल्या सर्व बाइटांची बेरीज करायची, तिला २५६ ने भागून उरणारी बाकी शेवटी जोडायची आणि पाठवायचे. पलीकडच्याने स्वतः बेरीज करून पाहायची. जुळली तर ‘पोचले’ अशी खूण, नाही जुळली तर ‘पुन्हा पाठव’ अशी खूण. खुणेच्या बाइटांसह एक तुकडा १३२ बाइटांचा. ३०० बिटांच्या वेगाने तो जायला साधारण साडेचार सेकंद.

आता एक मिनिट थांबा आणि या बेरजेतली पळवाट शोधा. दोन बाइटांची अदलाबदल झाली तर? बेरीज तीच! वाण्याच्या बिलात साखरेचे पैसे डाळीपुढे आणि डाळीचे साखरेपुढे लिहिले गेले, तरी एकूण आकडा जुळतोच ना, तसे. म्हणून पुढच्या पद्धतींनी बेरजेऐवजी भागाकार घेतला. सगळ्या तुकड्याला एकच लांबलचक द्विमान संख्या समजायचे आणि ठरलेल्या संख्येने एका खास रीतीने भागून बाकी जोडायची. भागाकारात प्रत्येक बिटाच्या जागेला किंमत असते, त्यामुळे अदलाबदल पकडली जाते.

१९८४ साली टॉम जेनिंग्ज यांनी सान फ्रान्सिस्कोत ‘फिडोनेट’ सुरू केले. रात्री फोनचे दर उतरले, की एका गावचा फलक दुसऱ्या गावच्या फलकाला आपणहून फोन करी आणि दिवसभराची पत्रे हवाली करी. रातराणी एसटीने टपालाची थैली पुढच्या गावी जावी, तशीच ही व्यवस्था. फिडोनेट आजही थोड्या प्रमाणात चालू आहे.

पण आज ही शीळ तारेवर पुन्हा वाजवू पाहणाऱ्यांपुढे एक विचित्र अडचण आहे. मोडेम मिळतात, तारच मिळत नाही. आमच्या गल्लीतली तांब्याची तार केव्हाच गेली. ब्रिटनने तर जुने दूरध्वनी जाळे बंद करण्यासाठी २०२७ च्या जानेवारीची मुदत ठरवली आहे. मग भ्रमणध्वनीवरून मोडेम का चालू नये? येथे भौतिकशास्त्र आडवे येते. जीएसएम भ्रमणध्वनीच्या मूळ पद्धतीत तुमचा आवाज जसाच्या तसा जात नाही. घशातून निघणारा नाद आणि तोंडाच्या पोकळीचा आकार यांचे गणित मांडून, ते सेकंदाला १३,००० बिटांत कोंबले जाते. पलीकडे त्या गणितावरून आवाज पुन्हा घडवतात. माणसाचे बोलणे त्यातून छान निभावते. पण मोडेमची शीळ काही माणसाच्या घशातून निघालेली नाही! यंत्र तिलाही घशाच्या साच्यात बसवू पाहते आणि बिटांचे भजे करते. म्हणून हौशी मंडळी घरातल्या घरात छोटे दूरध्वनी केंद्र उभारतात आणि दोन खोल्यांतले दोन मोडेम त्यावर बोलवतात.

दुसरा मार्ग म्हणजे कमोडोर ६४ सारख्या १९८२ सालच्या संगणकाला एक चिमुकली डबी जोडणे. ही डबी १९८१ च्या ‘हेज स्मार्टमोडेम’च्या आज्ञा समजते, ‘एटीडी’ लिहून पुढे क्रमांक दिला, की फोन लावल्याचे नाटक करते आणि प्रत्यक्षात घरातल्या वाय-फायवरून इंटरनेटवर जाते. बिचाऱ्या संगणकाला पत्ताच नसतो, की जग बदलले आहे. मला हा प्रकार जरा नाटकीच वाटतो, पण जुना संगणक त्यामुळे कपाटात सडत नाही, हेही खरे.

तार नकोच

माझे मन रमते ते दुसऱ्या वाटेवर, म्हणजे रेडिओच्या वाटेवर. तिची सुरुवात हवाई बेटांवर झाली. तेथील विद्यापीठाचे वर्ग वेगवेगळ्या बेटांवर आणि मोठा संगणक होनोलूलूला. मध्ये समुद्र. नॉर्मन अब्राम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ हे बिनतारी जाळे चालू केले. प्रश्न असा होता, की सगळ्या बेटांना बोलायला लहर एकच. मग कोणी केव्हा बोलायचे? अब्राम्सन यांचे उत्तर चकित करणारे होते: ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा! मजकुराची छोटी पुडी बांधायची – हिलाच पॅकेट म्हणतात – आणि सोडून द्यायची. पोच आली तर ठीक. नाही आली, तर दुसऱ्या कोणाची पुडी तिच्यावर आदळली असे समजायचे, थोडे थांबायचे आणि पुन्हा सोडायची.

‘थोडे’ म्हणजे किती, यातच खुबी आहे. अरुंद बोळात समोरून माणूस आला, की तुम्ही डावीकडे सरकता, तोही त्याच बाजूला. तुम्ही उजवीकडे, तोही तिकडेच. दोघांनीही सारखाच वेळ थांबून सारखीच हालचाल केली तर टक्कर ठरलेली. म्हणून प्रत्येकाने फासा टाकल्यासारखा, मनाला येईल तेवढा वेळ थांबायचे. या बेबंद पद्धतीत लहरीचा जास्तीत जास्त किती उपयोग होतो, याचेही गणित निघाले: फार तर १८.४ टक्के. एका पुडीला जाण्यास लागणारा वेळ ‘ट’ धरला, तर तिच्या आधीच्या ‘ट’ वेळात निघालेली आणि तिच्या स्वतःच्या ‘ट’ वेळात निघालेली, अशी कुठलीही दुसरी पुडी तिच्यावर आदळते. धोक्याचा काळ दुप्पट, म्हणून हा आकडा इतका लहान. पण तेवढ्यावर काम भागत होते. याच कल्पनेने रॉबर्ट मेटकाफ यांना १९७३ साली ‘इथरनेट’ची वाट दाखवली. तुमच्या शाळेच्या संगणक कक्षातली जाड वायर त्याच घराण्यातली.

हौशी रेडिओवाल्यांनी, ज्यांना ‘हॅम’ म्हणतात, त्यांनी पॅकेट पहिल्यांदा पाठवले ते कॅनडातील माँट्रियल शहरात, मे १९७८ मध्ये. अमेरिकेत सरकारी परवानगी मिळायला १९८० उजाडले. पुढे अ‍ॅरिझोनातल्या ट्यूसन शहरातील हॅम मंडळींनी ‘टीएनसी’ नावाची पेटी तयार केली आणि तिचे सुटे भाग विकायला ठेवले. तिची दुसरी आवृत्ती १९८५ ची. पेटीच्या एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला बोलण्याचा साधा रेडिओ. मोडेमचे स्वर येथे १२०० आणि २२०० हर्ट्झ, वेग सेकंदाला १२०० बिट. जरा हिशेब करा: एका बिटाच्या काळात १२०० हर्ट्झच्या स्वराचे अवघे एक आंदोलन होते! एका हेलकाव्यावरून स्वर ओळखायचा, म्हणजे गवयाने ‘सा’ म्हणायला तोंड उघडताच पट्टी सांगण्यासारखे आहे.

पुडी बांधण्याचे नियम १९८४ साली ‘एएक्स.२५’ या नावाने नक्की झाले. पुडीवर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव असते. नाव म्हणजे सरकारने दिलेली हाकखूण. भारतातल्या हॅम मंडळींची बहुधा ‘व्हीयू’ने सुरू होते. मग जास्तीत जास्त २५६ बाइटांचा मजकूर आणि शेवटी भागाकाराची बाकी. पुडीची सुरुवात आणि शेवट ०११११११० या खुणेने. आता कोणी हुशार विद्यार्थी विचारील, की मजकुरातच योगायोगाने ही खूण आली तर? त्यावर युक्ती अशी, की मजकुरात ओळीने पाच १ आले, की पाठवणाऱ्याने एक ० मुद्दाम घुसडायचा. ११११११११ हे १११११०१११ असे जाईल. घेणाऱ्याने पाच १ नंतरचा तो ० काढून टाकायचा. सहा १ ओळीने फक्त खुणेतच दिसतील. मला ही युक्ती कळली त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या होत्या!

अलोहाच्या पुढचे पाऊल म्हणजे बोलण्याआधी ऐकणे. लहर मोकळी असेल तरच पुडी सोडायची. पण एवढ्यानेही टकरी थांबत नाहीत. समजा, एक केंद्र कोकणात, एक देशावर आणि एक मधल्या घाटमाथ्यावर. १४४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे कोकणवाल्याला देशावरचा ऐकूच येत नाही. मध्ये सह्याद्री उभा. दोघेही कान देतात, दोघांनाही शांत वाटते, दोघेही बोलतात. आणि घाटमाथ्यावरच्या बिचाऱ्याच्या कानात दोन्ही पुड्या एकमेकींवर आदळतात. १९९० च्या दशकात गजबजलेल्या शहरांत पॅकेट रेडिओ कंटाळवाणा झाला, त्याला हेही एक कारण होते. इंटरनेट आले तेव्हा माणसे सुटलो म्हणून निघून गेली.

आजच्या पुनरुज्जीवनातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की काही जणांनी जुनी चूक जशीच्या तशी जिवंत केली नाही. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात, राले शहराच्या परिसरात, ‘टार्पन’ नावाचे हौशी जाळे उभे राहिले आहे. त्यांनी नियम केला, की एका लहरीवर दोनच केंद्रे असतील. तिसऱ्याशी जोडायचे तर दुसरा रेडिओ, दुसरी लहर. लपलेले केंद्र उरतच नाही, मग टक्कर कुठली? मधे कुठेही इंटरनेटचा आधार घ्यायचा नाही, हाही त्यांचा नियम. पुडीतच थोडी जादा माहिती भरून, उलटे झालेले काही बिट घेणाऱ्याला स्वतःच दुरुस्त करता यावेत, अशीही सोय आता केली जाते. १९८५ च्या पेटीला हे गणित पेलले नसते.

पैशाचीही एक गोष्ट सांगायला हवी. १९८१ साली, इंटरनेटचे पत्ते फुकट वाटले जात होते तेव्हा, हँक मॅग्नुस्की या हॅमने हौशी रेडिओसाठी ४४ ने सुरू होणारे सगळे पत्ते मागून घेतले. १,६७,७७,२१६ पत्ते! कोणाला त्याचे काही वाटले नाही. २०१९ साली त्यांतले एक चतुर्थांश, म्हणजे ४१,९४,३०४ पत्ते, अ‍ॅमेझॉन कंपनीला विकले गेले आणि दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. ती एका ना-नफा संस्थेकडे असून तिच्यातून हौशी रेडिओच्या प्रयोगांना अनुदाने मिळतात. सर्व हॅम मंडळींच्या नावाने असलेले पत्ते मूठभरांनी विकावेत का, यावर पुष्कळ वाद झाला. माझ्या मते वाद योग्यच होता; पैसाही उपयोगी पडला.

काकांची पेटी

आता घरची गोष्ट. आमच्या गावात एक निवृत्त अभियंते आहेत, माझ्या वडिलांचे मित्र. जुने हॅम. गेल्या वर्षी त्यांनी मला बोलावून एक पत्र्याची पेटी हातात दिली. “अगं, ही १९९० ची टीएनसी. मी आता ऐंशीचा झालो. एकदा ‘जोडणी झाली’ ही अक्षरे पुन्हा पाहायची आहेत.”

पेटीला वीज दिली. दिवे लागले, पण सगळे एकदम, आणि विझेनात. दोन विद्यार्थी हाताशी घेऊन मी ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उघडली. आतली छोटी बॅटरी संपलेली होती, ती बदलली. तरी तेच. काका फोनवर म्हणाले, “वीज देऊन भागणार नाही. तिच्या डोक्यातले शिल्लक आहे का ते बघ.”

डोके म्हणजे ईप्रॉम जातीची चिप. तिच्यात ३२ किलोबाइटचा कार्यक्रम असतो. तो कसा टिकतो? चिपमध्ये लाखो सूक्ष्म बेटे असतात, चारी बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेली. बेटावर इलेक्ट्रॉन कोंडलेले असले तर तो बिट ०, नसले तर १. रोधक चांगला असला तरी ३५ वर्षांत थोडे इलेक्ट्रॉन निसटतातच. चिपवरच्या चिकटपट्टीवर काकांनी त्या काळी पेनने एक आकडा लिहून ठेवला होता: सगळ्या बाइटांची बेरीज. पुन्हा तेच वाण्याचे बिल! आम्ही चिप वाचली, बेरीज केली. जुळेना.

सुदैवाने जगात कोणीतरी हौशी माणसाने तोच कार्यक्रम जतन करून ठेवला होता. त्याची बेरीज काकांच्या आकड्याशी तंतोतंत जुळली. दोन्ही प्रती शेजारी ठेवून बिट न् बिट पडताळला, तेव्हा फक्त तीन ठिकाणी फरक निघाला. आणि तिन्ही ठिकाणी ० चा १ झालेला होता. १ चा ० एकाही ठिकाणी नाही. माझी विद्यार्थिनी उडीच मारून म्हणाली, “मॅडम, इलेक्ट्रॉन बाहेरच जातात, आत येत नाहीत!” पाठ्यपुस्तकात वाचलेले वाक्य असे डोळ्यांसमोर उभे राहताना मी फार थोड्या वेळा पाहिले आहे. चिपच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश सोडून आम्ही सगळे पुसले आणि कार्यक्रम नव्याने भरला. पेटीतल्या मोडेमचे स्वरही उतरले होते, १२०० च्या जागी ११७० हर्ट्झ. ऑसिलोस्कोपवर पाहत, लहानशा स्क्रूने ते जागेवर आणले.

एका रविवारी पेटी काकांच्या रेडिओला जोडली. पलीकडे बारा किलोमीटरवर त्यांचे एक परवानाधारक मित्र; त्यांच्याकडे पेटी नाही, तिचे काम संगणकातला ‘डायर वुल्फ’ नावाचा मुक्त कार्यक्रम करतो. काकांनी हाकखूण लिहून कळ दाबली. चिर्र. शांतता. चिर्र. शांतता. तिसऱ्या वेळी पलीकडून चिर्र झाले आणि पडद्यावर अक्षरे उमटली. काका काही बोलले नाहीत. चष्मा पुसला आणि लिहिले, ‘चहा झाला का?’ उत्तर यायला चार सेकंद लागले.

संकटकाळी उपयोग होतो म्हणून हे करायचे, असे हॅम मंडळी आवर्जून सांगतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हॅमचा एक गट योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होता आणि त्यांनी अंदमानातले निरोप मुख्य भूमीला पोचवले, हे खरे आहे. पण ते काम मुख्यतः तोंडी बोलण्यावर झाले, पॅकेटवर नव्हे. मंद पॅकेटची ताकद नावांच्या याद्या, औषधांचे आकडे असा मजकूर बिनचूक पोचवण्यात आहे. तिला जादूची कांडी समजू नये. आणखी एक मर्यादा: हौशी रेडिओवर मजकूर सांकेतिक करून लपवायला आणि धंद्याला मनाई असते. जे पाठवाल ते कोणीही ऐकू शकतो. आणि रेडिओवरून पाठवण्यासाठी परवाना हवाच; परीक्षा देऊन तो शाळकरी वयातही मिळवता येतो.

परवान्याशिवाय करण्याजोगा प्रयोग मात्र आहे, कारण ध्वनीला परवाना लागत नाही. दोन संगणक घ्या, दोन्हींवर ‘मिनिमोडेम’ हा मुक्त कार्यक्रम घाला (शिक्षकांची मदत घ्या), एकाचा ध्वनिवर्धक दुसऱ्याच्या मायक्रोफोनसमोर हातभर अंतरावर ठेवा आणि ३०० च्या वेगाने ‘नमस्ते’ पाठवा. देवनागरीत न, म, स, हलन्त, त आणि मात्रा मिळून सहा चिन्हे, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे अठरा. दहा बिटांच्या हिशेबाने १८० बिट, सहा दशांश सेकंदाची शीळ. पहिल्यांदा बहुधा काहीच उमटणार नाही. आमचेही उमटले नाही. आजचे संगणक एकसुरी शीळ ऐकली की तिला गोंगाट समजून गाळतात. गोंगाट गाळण्याची ती सोय आधी बंद करा.

मग अंतर वाढवत जा. आमच्या प्रयोगशाळेत तीन मीटरवर अक्षरे बिघडू लागली, आवाज तर मोठा होता. कारण भिंत. ३०० च्या वेगाला एका बिटाच्या काळात ध्वनी सव्वा मीटरहून कमीच पुढे जातो. चार मीटरवरच्या भिंतीवरून परतणारा प्रतिध्वनी आठ मीटर जादा चालून येतो, म्हणजे सात बिट उशिरा, आणि चालू बिटावर जुना बिट चढवतो. रेडिओत हाच १२०० वेगाचा बिट प्रकाशाच्या वेगाने २५० किलोमीटर लांब पसरलेला असतो, त्यामुळे जवळच्या डोंगराच्या प्रतिध्वनीचा उशीर त्याला जाणवतही नाही. खोलीत हा प्रयोग केल्यावर तोच मोकळ्या मैदानात करून पाहा. मग भिंतीला रजई टांगून. दर अर्ध्या मीटरला शंभर अक्षरे पाठवा, किती चुकली ते मोजा आणि आलेख काढा. सायंकाळी वारा पडल्यावर केलेला आलेख दुपारच्या आलेखाहून वेगळा येतो का, तेही पाहा. आमचे मैदानातले मोजमाप पावसामुळे राहून गेले आहे.